नहरवानचा कालवा

(दृश्य: मध्य इराकमधलं कोरडं मैदान. मातीचे दोन लांबलचक उंचवटे, मधे खोलगट पट्टा.)

दुरून टेकड्या वाटतात. जवळ गेलं की कळतं, कित्येक पिढ्यांनी उपसून काठावर टाकलेला हा गाळ आहे. मधून टायग्रिसचं पाणी वाहायचं. नहरवानचा कालवा, वरच्या टप्प्यासकट लांबी सुमारे 300 किलोमीटर. खोदला इराणच्या सासानी राजांनी, पुढे त्यावर पोसले गेले बगदादचे अब्बासी खलिफा.

अब्बासी बुडाले कधी? उत्तर ठरलेलं: 1258, मंगोल सेनानी हुलागू. पण सत्ता त्याच्या तीनशे वर्षं आधीच हातातून गेली होती.

750 मध्ये झाब नदीकाठी आधीचं खलिफा घराणं, उमय्या, अब्बासींकडून हरलं, 762 मध्ये खलिफा अल-मन्सूरने बगदाद वसवलं. गोल तटबंदी, चार दरवाजे: कूफा, बसरा, खुरासान, शाम (म्हणजे सीरिया). टायग्रिस आणि युफ्रेटिस इथं एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून ही जागा. भोवतीच्या गाळाच्या मुलखाला म्हणायचे सवाद. खलिफा हारून अल-रशीदच्या काळात एकट्या सवादचा वसूल होता सुमारे 10 कोटी दिरहम, म्हणजे चांदीची नाणी.

पण ही जमीन राबवून घेते. पाण्याबरोबर गाळ येतो. तो वेळच्या वेळी उपसला नाही, तर पाटाचा तळ वर येतो आणि शेवटच्या टोकाचं शेत कोरडं राहतं. पाणी जास्त आणि निचरा नाही, असं झालं की भूजल वर चढतं, उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं. सांगलीकडे क्षारपड म्हणतात, ते हेच. आधी गहू हटतो, मग जवही. बसऱ्याच्या बाजूला हा खारा थर खरवडायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम जुंपले होते. 869 मध्ये ते उठले. बंड मोडायला 14 वर्षं गेली.

(दृश्य: सामर्राचा सर्पिल मिनार.)

तोवर फौजेचं गणित बिघडलं होतं. खलिफा अल-मुअतसिमने तुर्क गुलाम-सैनिक आणले, 836 मध्ये राजधानी बगदादहून उत्तरेला सामर्राला हलवली. ही फौज रोख पगारावर होती, आणि पगार थकला की धोका थेट खलिफाच्या मानेला. 861 मध्ये खलिफा मुतवक्किलचा खून झाला. पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा आले, त्यातले तिघे मारले गेले. त्यांतल्याच अल-मुअतझकडे सैनिकांनी 50,000 दीनार, म्हणजे सोन्याची नाणी, मागितले. त्यानं आईकडे शब्द टाकला, तिनं हात वर केले. खलिफा गेला आणि मग तिच्या लपवलेल्या ठेव्यातून लाखो दीनार निघाले!

918 च्या सुमाराला सवादचा वसूल जेमतेम 3 कोटी दिरहमांवर आला होता. 936 मध्ये खलिफानं फौज आणि खजिना दोन्ही इब्न राइक या सरदाराच्या हाती दिले, 'अमीर-उल-उमरा' (अमिरांचा अमीर) असा किताब देऊन. दोनच वर्षांत त्याचाच सरदार बजकम बगदादवर चालून आला. वाट अडवायला इब्न राइकनं नहरवानचा बांध फोडला. बजकम तरीही आलाच. वाहून गेलं ते शेतांचं पाणी.

945 मध्ये बुवैही हे इराणी घराणं बगदादवर सत्ता गाजवायला आलं. तिजोरीत पगाराला पैसा नाही, म्हणून सैनिकांना गावांचा महसूलच तोडून दिला. याला इक्ता म्हणत. आपल्या सरंजामासारखंच, फक्त गावाशी बांधिलकी नाही. सैनिकानं हाती लागेल तेवढं ओरबाडायचं, पाट उपसायला दमडी लावायची नाही, आणि गाव उजाड झालं की ते परत करून दुसरं मागायचं. दुसरं मिळायचंही.

मधूनमधून दुरुस्त्या झाल्या, फुटलेले बांध बुजवले गेले. पण एवढा लांब कालवा राखायचा तर वरपासून खालपर्यंत एकाचा हुकूम चालायला हवा, आणि तसा कुणी उरला नव्हता.

1258 मध्ये 29 जानेवारीला हुलागूचा वेढा पडला, 10 फेब्रुवारीला बगदादनं शरणागती पत्करली. नहरवान त्याच्या शतकभर आधीच कोरडा पडला होता.