आईच्या तोंडची पटकी, लेकाच्या हातचा ड्रॅक्युला

राम राम मंडळी. उन्हाळ्यात धाब्यावर अंथरुणं पडलेली असायची, लाइट गेलेली, आणि मोठी माय प्लेगच्या गोष्टी सांगायची, आठवतं ना? आमची सांगायची की उंदीर पडायला लागले की अख्खं गाव वावरात झोपड्या घालून राहायला जायचं, आणि तिची सासू दोन महिन्यांनी घरी परत आली तर जात्यात अर्धी दळलेली ज्वारी तशीच होती, दळणारी जाऊ तेवढी नव्हती. त्यात भूत नाही, चेटूक नाही, नुसतं जातं. तरी मला रात्रभर झोप लागायची नाही.

आज ज्याच्याबद्दल बोलतोय तो ब्रॅम स्टोकर, ड्रॅक्युला ही भयकादंबरी लिहिणारा, तोही असाच आईच्या गोष्टींवर वाढला. जन्म १८४७ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनजवळचा. सात वर्षांचा होईस्तोवर पोराला धड उभं राहता येत नव्हतं, कायम अंथरुणात, आणि उशाशी आई शार्लट. ती चौदा वर्षांची असताना, १८३२ साली, तिच्या स्लायगो गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली होती. तिनं सांगितलेली एक गोष्ट ऐका. एक उंचापुरा सार्जंट पटकीनं गेला, शवपेटी तोकडी पडली, म्हणून पाय मोडून बसवायला हातोडा घेतला, आणि पहिला घाव बसताच तो माणूस जागा झाला! मेला म्हणून टाकलेला माणूस उठतो, हे त्या पोराच्या डोक्यात तिथंच बसलं असणार, असं मला तरी अगदी मनापासून वाटतं.

पुढे हाच पोरगा कॉलेजात चांगला खेळाडू निघाला, मग लंडनच्या लायसियम थिएटरचा मॅनेजर झाला, हेन्री आयर्विंग या बड्या नटाची कामं सांभाळत पंचवीसेक वर्षं राबला, आणि त्यातूनच वेळ काढून सात वर्षं टिपणं काढत, फिरत, ड्रॅक्युला लिहिली. १८९७ ला छापून आली. ज्या ट्रान्सिल्व्हेनियात ती सुरू होते तिथं तो कधी गेलाच नव्हता. सगळं पुस्तक डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरची कात्रणं यांतून पुढं सरकतं, रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला स्वतःची बाजू कुठंच सांगत नाही, बाकीचे सांगतात आणि आपण घाबरतो. वकील दाढी करतोय, काउंट मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो, आणि आरशात मागं कोणीच नाही. किती साधं, पण अंगावर काटा येतो राव!

स्टोकर १९१२ ला गेला. दहा वर्षांनी जर्मनीत परवानगी न घेता ड्रॅक्युलावरून नोस्फेरातू सिनेमा काढला, तर स्टोकरची बायको फ्लॉरेन्स कोर्टात भांडली, सगळ्या कॉप्या जाळायचा हुकूम मिळवला, तरी काही वाचल्याच. आपल्या नारायण धारपांची लुचाई कादंबरी वाचलीय ना? तिचा धागा अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगमधून मागं मागं याच काउंटपर्यंत जातो.

आणि एक सांगायचं राहिलं. मोठा झाल्यावर ब्रॅमनं आईला म्हटलं, त्या पटकीच्या आठवणी लिहून दे, आणि तिनं दिल्या. ड्रॅक्युला आली तेव्हा म्हातारीनं लेकाला पत्र धाडलं, की मेरी शेलीच्या फ्रँकेन्स्टाइननंतर इतकं भयंकर आणि नवं कोणी लिहिलंच नाही. आमच्या मोठ्या मायला लिहिता येत नव्हतं. मीही तिला कधी विचारलं नाही की त्या जावेचं नाव काय होतं.