बॅटरी उतरली, तापली की म्हातारी झाली?

(दृश्य : नागपूरची सीताबर्डी, मे महिन्यातली दुपार. मोबाइल दुरुस्तीचे काउंटर.)

"भाऊ, हा फोन काहून बंद पडून राहिला? पस्तीस टक्के तर दाखवत होता!"

बर्डीवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या कोणत्याही काउंटरवर उन्हाळ्यात थोडा वेळ उभे राहा, हा प्रश्न कानावर पडतोच. कारागीर विचारतो, "आधी काही मेसेज आला होता का?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते : "आला होता काहीतरी, मी ओके दाबलं न."

ओके दाबून पुसून टाकलेल्या त्या ओळींबद्दल हा माहितीपट आहे. बॅटरीबद्दल फोन तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतो. बॅटरी उतरली आहे, बॅटरी तापली आहे किंवा बॅटरी म्हातारी झाली आहे. तिन्हींचा उपाय वेगळा. आणि नागपुरात राहणाऱ्याने सर्वांत जास्त जपायचे ते मधल्या इशाऱ्याला, कारण तो वारंवार आला की तिसराही लवकर येतो.

(दृश्य : फोनच्या कोपऱ्यात लाल झालेले बॅटरीचे चिन्ह.)

पहिला इशारा साधा आहे. आयफोन २० आणि १० टक्क्यांवर सांगतो, अँड्रॉइडचे अनेक फोन १५च्या आसपास. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, चार्जर लावा. मात्र "पूर्ण उतरू द्या, मगच लावा" हा घराघरांत ऐकू येणारा सल्ला आता सोडून द्यायला हवा. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ही जात १९९१मध्ये सोनीने बाजारात आणली आणि तिचा पाया घालणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीला रोज शून्यापर्यंत नेणे मानवत नाही. दिवसातून दोन-तीनदा थोडी थोडी भरली तर तिचे काहीच बिघडत नाही.

(दृश्य : वर्धा रोडचा सिग्नल. दुचाकीच्या हँडलवर, उघड्या होल्डरमध्ये लावलेला फोन. त्यावर थेट ऊन.)

आता दुसरा इशारा. "फोन गरम झाला आहे, थंड होऊ द्या." किंवा "बॅटरीच्या सुरक्षेसाठी चार्जिंग थांबवले आहे." कधी अक्षरे उमटतच नाहीत. स्क्रीन आपोआप मंद होते, कॅमेऱ्याचा फ्लॅश लागत नाही, चार्जिंगचा आकडा तासभर जागचा हलत नाही. लोक म्हणतात फोन बिघडला. खरे तर फोन तेव्हा स्वतःला वाचवत असतो.

अ‍ॅपल आपल्या आयफोनसाठी वापराचे योग्य तापमान ० ते ३५ अंश सांगते. हे भोवतालच्या हवेचे तापमान, फोनचे नव्हे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या पुढे जातो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की सकाळी दहाच्या सुमारासच ३५ अंश मागे पडलेले असतात. म्हणजे उन्हाळ्यात या शहरातला फोन दिवसातले कितीतरी तास, कंपनीने आखलेल्या मर्यादेच्या बाहेर काम करत असतो. "फोन जरा जपून वापरा" असा मोघम सल्ला इथे पुरत नाही, तो यामुळेच.

आत काय होते? बॅटरीत लिथियमचे आयन एका बाजूच्या ग्रॅफाइटमधून दुसऱ्या बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमध्ये जातात आणि चार्ज करताना परत येतात. मध्ये द्रव असतो. ग्रॅफाइटवर एक पातळ थर जमतो, आणि तो आवश्यकही असतो. पण उष्णतेत तो भराभर जाड होतो, थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. अडकलेले लिथियम परत येत नाही. फोन थंड झाला तरी गेलेली क्षमता गेलीच.

आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हीच झीज आणखी वाढते. लिथियम-आयनबद्दल नेहमी दिले जाणारे अंदाज असे : २५ अंशांत, ४० टक्के भरून वर्षभर नुसती ठेवलेली बॅटरी आपली सुमारे ९६ टक्के क्षमता राखते. तीच ४० अंशांत, १०० टक्के भरून ठेवली, तर ६५च्या आसपास उरते. वापर शून्य, आणि एक-तृतीयांश क्षमता नाहीशी. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत फुल चार्ज फोन ठेवून जेवायला जाणाऱ्याने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती जेवणाची पार्सले आणि कुरिअर पोहोचवणाऱ्या पोरांची. त्यांचा फोन म्हणजे त्यांची रोजी. तो होल्डरमध्ये, उन्हात असतो. स्क्रीन पूर्ण उजेडावर, कारण त्याशिवाय नकाशा दिसतच नाही. जीपीएस चालू, डेटा चालू, आणि खालून पॉवर बँक लावलेली. बाहेरून ऊन, आतून प्रोसेसर आणि वरून चार्जिंगची उष्णता, तिन्ही एकाच वेळी. अशा फोनची बॅटरी वर्षभरात खंगली, तर दोष त्या पोराचा नाही आणि बॅटरीचाही नाही. पण काही गोष्टी त्याच्या हातात आहेत. होल्डरला वरून सावली देणारी झडप लावता येते. रस्ता ओळखीचा असेल तर स्क्रीन बंद ठेवून, फोन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात घालून, एका कानातल्या इअरफोनवर वळणे ऐकता येतात. आणि पॉवर बँक चालत्या गाडीवर न लावता ऑर्डरची वाट बघताना, हॉटेलच्या सावलीत लावता येते. वीस मिनिटांचे सावलीतले चार्जिंग उन्हातल्या तासभरापेक्षा कामाचे, कारण तापलेला फोन चार्जिंग घेतच नाही किंवा अगदी हळू घेतो.

फोन तापलाच तर कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. अचानक गारठ्याने आत दव धरते आणि ते सर्किटच्या जिवावर येते.

(दृश्य : रात्र. उशाशी चार्जिंगला लावलेला फोन.)

रात्रभर चार्जिंगला लावले तर बॅटरी फुटते का? चांगल्या स्थितीतला फोन १०० टक्क्यांवर चार्जिंग स्वतःच थांबवतो. अडचण वेगळी आहे. तो सकाळपर्यंत भरलेला राहतो, आणि उशीखाली असेल तर गरमही. म्हणून बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आली आहे. सेटिंगमध्ये 'बॅटरी'खाली ती सापडते. उन्हाळ्याचे तीन महिने तरी ती चालू ठेवाच. ज्याला दिवसभर बाहेर फिरायचे आहे त्याने निघायच्या आधी १०० करावे आणि लगेच वापरायला घ्यावे.

(दृश्य : पुन्हा काउंटर. सेटिंगमधला 'बॅटरी हेल्थ'चा आकडा.)

तिसरा इशारा : "बॅटरी सर्व्हिस करा", "बॅटरीची स्थिती खालावली आहे." हा चार्जरने जात नाही. एकूण १०० टक्के वापर झाला की एक चक्र मोजतात. आज ६० आणि उद्या ४० वापरले, तरी चक्र एकच. आयफोन १४पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बेताने बनवल्या होत्या, १५पासून अ‍ॅपल हाच आकडा १००० सांगते. युरोपीय संघात जून २०२५पासून बाजारात आणल्या जाणाऱ्या स्मार्टफोनना याच ८० टक्क्यांसाठी किमान ८०० चक्रांचे बंधन आहे. हे सगळे आकडे प्रयोगशाळेतल्या तापमानाचे. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांतून थोडे वजा करूनच धरावे.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. पस्तीस टक्के दाखवणारा फोन अचानक का बंद पडतो? टाकीत पाणी आहे, पण पाइपात गाळ साचला आहे. नळ थोडा सोडला तर धार येते, पूर्ण सोडला की तुटते. म्हाताऱ्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहायला होणारा अडथळा, वाढलेला असतो. कॅमेरा उघडला, खेळ सुरू केला, की एकदम जास्त वीज लागते, व्होल्टेज कोसळते आणि फोन बंद होतो. टक्के हा शेवटी फोनने बांधलेला अंदाज असतो. असे वारंवार होऊ लागले तर ॲप काढून, फोन रीसेट करून काही साधत नाही. बॅटरी बदला.

बदलताना कारागिराला विचारा : बॅटरी कंपनीची की दुसरी? वॉरंटी किती? काही फोन, उदाहरणार्थ नवे आयफोन, बाहेरची बॅटरी बसवली की "अस्सल असल्याची खात्री करता येत नाही" असा संदेश दाखवतात. तो आला म्हणजे बॅटरी लगेच धोकादायक ठरत नाही, पण आपण काय विकत घेतले ते कळते.

एक इशारा मात्र सरळ खोटा असतो. ब्राउझरमध्ये पान उघडल्यावर "तुमच्या बॅटरीला व्हायरसने नुकसान केले, हे ॲप टाका" असे झळकते. वेबपानाला तुमच्या बॅटरीचे नुकसान तपासता येत नाही. पान बंद करा, काही डाउनलोड करू नका. घरातल्या मोठ्यांना हे आवर्जून सांगा, तेच जास्त घाबरतात.

(दृश्य : मागचे झाकण उचलले गेलेला फोन, टेबलावर.)

आणि एक इशारा स्क्रीनवर येतच नाही. मागचे झाकण किंचित वर आले, स्क्रीनच्या कडेला फट दिसू लागली, फोन टेबलावर ठेवला की डुगडुगतो. बॅटरी फुगली आहे, आत वायू साठला आहे. असा फोन त्या क्षणापासून चार्ज करायचा नाही. दाबायचा नाही, टोचायचा तर अजिबात नाही. बंद करून, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवायचा आणि दुकानात न्यायचा. काढलेली बॅटरी घरी आणून ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीत कचरा दाबला जातो, आणि दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. त्या गाडीवर माणसे काम करत असतात. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे, आणि त्या परत गोळा करण्याची व्यवस्था उत्पादकांनी करायची आहे. म्हणून नवी बॅटरी बसवून घेताना तिथेच विचारा : "भाऊ, जुनी तुम्ही ठेवून घेता न? पुढे कुठे देता?"