मायेलिनची डागडुजी आणि रोगप्रतिकारक पेशी

श्रोतेहो, नमस्कार. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मेरुरज्जूच्या आजाराचा विषय निघाला की रोगप्रतिकारक पेशींचे नाव आरोपी म्हणूनच घेतले जाते. तो आरोप खोटा नाही. मज्जातंतूंवरचे मायेलिनचे आवरण याच पेशी उद्ध्वस्त करतात. परंतु ते आवरण पुन्हा चढायचे असेल, तरीही त्यांच्यावाचून चालत नाही.

मायेलिन म्हणजे तंतूभोवती घट्ट गुंडाळलेले स्निग्ध पापुद्रे. मेंदूत आणि मेरुरज्जूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी गुंडाळतात, तर हातापायांच्या नसांमध्ये श्वान (Schwann) नावाच्या पेशी. आवरण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला 100 मीटरच्या आसपास वेगाने धावतो; उघड्या बारीक तंतूतून तो जेमतेम 1-2 मीटर सरकतो.

आवरण फाटले की त्याचे तुकडे तिथेच पडून राहतात आणि दुरुस्तीला आलेल्या अपक्व पेशींची वाढ रोखून धरतात. हा राडारोडा उचलतात त्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्याच रोगप्रतिकारक पेशी, आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या चरबीच्या थेंबांनी फुगलेल्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. गिळणे एक वेळ सोपे. पचवणे कठीण, कारण मायेलिनमधल्या कोलेस्टेरॉलचे विघटन पेशीला करता येत नाही, ते बाहेरच टाकावे लागते. वृद्ध उंदरांच्या भक्षक पेशींना हे नीट जमत नाही, कोलेस्टेरॉलचे स्फटिक साचतात आणि दुरुस्ती रखडते, असे 2018 मध्ये दाखवले गेले.

सफाईबरोबर या पेशी काही संकेतद्रव्येही सोडतात. ॲक्टिव्हिन-ए हे त्यांपैकी एक. त्याच्या प्रभावाखाली अपक्व पेशी ऑलिगोडेंड्रोसाइट बनू लागतात. 2017 मध्ये तर नियामक टी पेशींचाही अशा वाढीला हातभार लागतो, असे आढळले. ज्यांचे काम दाह आवरण्याचे, त्यांनीच बांधकामात हात घालावा, हे मला विशेष वाटते. त्यामुळे औषधाने प्रतिकारशक्ती दाबताना नवे हल्ले थांबवणे जितके आवश्यक, तितकेच सफाई करणाऱ्या पेशींना मोकळे ठेवणेही आवश्यक आहे, आणि हा तोल साधणे सोपे नाही.

2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्ध आणि तरुण उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांशी जोडले गेले. वृद्ध उंदराच्या मेरुरज्जूतले आवरण पूर्वीपेक्षा चांगले भरून आले. तुकडे उचलण्याच्या कामात तरुण उंदराच्या भक्षक पेशी होत्या. नवे आवरण मात्र वृद्ध उंदराच्या स्वतःच्याच पेशींनी गुंडाळले होते.