खेचराच्या पाठीवर तुमची बॅग

नमस्कार मंडळी! ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत, मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आणि आईबाबा अधूनमधून तिकडे राहायला, अशी घरं आता कितीतरी आहेत, आणि तिकडे गेलं की ग्रँड कॅनियन या प्रचंड खोल दरीचा प्लॅन निघतोच. बहुतेक जण वरूनच बघून फोटो काढून परत येतात. पण ज्यांना गाईडबरोबर खाली नदीपर्यंत उतरायचंय, तिथे तंबूत मुक्काम करायचाय आणि सामान खेचरांवर पाठवायचंय, आज मी त्यांच्याशीच बोलणार आहे.

आपल्या सह्याद्रीत आधी चढ असतो, दमलो की मागे फिरतो आणि उतार आपल्याला खाली आणून सोडतो. तिथे सगळं उलटं. दक्षिणेकडचा कडा साधारण 2,100 मीटरवर, तळाची कोलोरॅडो नदी 730 च्या आसपास, म्हणजे पाय ताजे असताना उतार आणि पाय भरून आल्यावर जवळजवळ चौदाशे मीटर चढ! त्यात जसजसं खाली जावं तसतशी गरमी वाढते, उन्हाळ्यात तळाला पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून तिथले पार्कवालेच सांगतात की सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका. नुसतं पाणी पिऊनही भागत नाही, घामाबरोबर मीठ जातं, तेव्हा खारे शेंगदाणे, भडंग असं काहीतरी हाताशी ठेवा आणि खात राहा. प्रॅक्टिस करायची तर पाऊस संपल्यावर माथेरानला जा, वन ट्री हिलवरून शिवाजी लॅडर या पायवाटेने थोडं खाली उतरा आणि तसेच परत वर या, गुडघे काय म्हणतात ते तिथेच कळेल.

आता खेचरांचं. कॅनियनच्या तळाशी फँटम रँच नावाचा मुक्काम आहे, 1922 सालचा, तिथे गाडीरस्ता नाही, त्यामुळे किराणा खेचरांवर खाली येतो आणि कचरा खेचरांवरच वर जातो. तुमची बॅगही तशीच जाते, पण तिला 30 पाउंडांची मर्यादा आहे, साडेतेरा किलो धरा. ही मर्यादा मनापासून पाळा हो. एका बाजूची बॅग जड झाली आणि वजन दोन्ही बाजूंना सारखं नसलं की खोगीर एका अंगाला ओढलं जातं, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पोटाला काचतो, पाठ सोलवटते, आणि ते मुकं जनावर तसंच चालत राहतं. मला हे बघवत नाही.

आपल्याकडे 1965 पासून नियम आहेत, तट्टावर 70 किलो, खेचरावर 200 किलोच्या वर ओझं नको, 37 अंशांच्या वर ऊन असेल तर दुपारी बारा ते तीन कामाला लावायचं नाही. हिमालयात ट्रेकला जाताना हे लक्षात ठेवा, पैसे भरायच्या आधी जनावरांच्या पाठी बघा, खोगिराखाली जखम दिसली तर सरळ दुसरा घोडेवाला बघा, घासाघीस करून स्वस्तात मिळालं तरी तिथे पैसे देऊ नका.

आणि वाटेत खेचरांची रांग आली की काय करायचं ते नीट ऐका, कारण जिवाशी गाठ आहे. दरीच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही, डोंगराला पाठ लावून उभं राहायचं. खेचरवाला सांगेल तसंच करायचं. बोलणं बंद, हालचाल बंद, रेनकोट फडफडत असेल तर धरून ठेवायचा, फोटोसाठी हात पुढे करायचा नाही. शेवटचं खेचर पंधराएक मीटर पुढे गेलं की मगच वाटेवर यायचं. ग्रुपमध्ये कुणाला कमी ऐकू येत असेल तर त्यांना मधे चालवा, म्हणजे मागून टापा आल्या की मागचा माणूस खांद्याला हात लावून त्यांना बाजूला घेईल.