तपासलेला पेपर दाखवा

मित्रमैत्रिणींनो, आणि मागे बसलेल्या पालकांनो,

नोकरीसाठी कंपन्या घेतात त्या ऑनलाइन प्रोग्रॅमिंग परीक्षांवर बोलायचं ठरवलं तेव्हा मला आधी एक खोली आठवली. शिंदखेडा तालुक्यातलं माझ्या बहिणीचं घर, वर पत्रे, मे महिन्यातला रविवार. भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अकरा वाजता एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा. अट अशी, की कॅमेरा चालू हवा आणि खोलीत दुसरं कुणी नको. घरात खोल्या दोन, माणसं सहा.

चाळीस मिनिटांनी तिची आजी पाण्याचा तांब्या ठेवायला आत आली. लगेच स्क्रीनवर सूचना आली: कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसतो आहे. पुढे लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालला, पण राउटर बंद. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून ती पुन्हा आत शिरेपर्यंत नऊ मिनिटं गेली आणि परीक्षेचं घड्याळ काही थांबलं नव्हतं. तीन दिवसांनी दोन ओळींचा मेल आला, निवड झाली नाही. बहिणीने विचारलं, "काय व्हयनं?" पोरीला सांगता येईना. तिलाच कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिला आलेला एक प्रश्न सांगतो. एक लाख आकडे दिलेत, त्यांतल्या किती जोड्यांची बेरीज अमुक होते ते शोधा. तिने सरळ मार्ग घेतला, प्रत्येक आकडा बाकीच्या प्रत्येकाशी जोडून पाहिला. म्हणजे सुमारे 500 कोटी जोड्या. असे प्रोग्रॅम तपासताना सेकंदाला साधारण 10 कोटी साध्या क्रिया असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे तिचा प्रोग्रॅम निदान पन्नास सेकंद चालणार, आणि मुदत असते एकदोन सेकंदांची. आधी पाहिलेले आकडे हॅश टेबलमध्ये, म्हणजे हवा तो आकडा चटकन सापडेल अशा तक्त्यात, ठेवत गेलं की हेच काम एका फेरीत होतं. तिचं उत्तर बरोबर होतं, संथ होतं. स्क्रीनवर आलं एवढंच: 15 पैकी 12 टेस्ट केस, म्हणजे प्रोग्रॅम तपासायला दिलेली नमुना उदाहरणं, पास. उरलेल्या तीन लपवलेल्या. तिथे उत्तर चुकलं की वेळ संपली, हेही कळलं नाही.

संथ प्रोग्रॅमचे गुण कापू नका, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः मुलाखती घेतो. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, चाळणी लागते, हे मला मान्य आहे. पण आम्ही रोज जे काम करतो त्यात चूक शोधून देणारं साधन, डीबगर, असतो, शेजारच्याला विचारता येतं, आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. परीक्षेत यातलं काहीच नाही. तरीही त्याहून मोठी तक्रार माझी वेगळी आहे.

आपल्याकडे विद्यापीठाच्या पेपरात विषय राहिला तर पोरं काय करतात? झेरॉक्स मागवतात, रिव्हॅल्युएशनला टाकतात. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलं, की माहिती अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. खासगी कंपनीला तो कायदा लागत नाही. युरोपात लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर नावाचा कायदा 2018 पासून लागू आहे. त्याच्या 22 व्या कलमाप्रमाणे, निव्वळ यंत्राने घेतलेला मोठा निर्णय एखाद्या माणसाने पुन्हा पाहावा, अशी मागणी करता येते. आमच्या पोरीचा पेपर मात्र कुणीच दाखवत नाही.

म्हणून इथल्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. परीक्षा कॉलेजच्या लॅबमध्ये घ्या, तिथे जनरेटर आहे. आणि कंपनीशी बोलणं होईल तेव्हाच दोन गोष्टी लिहून घ्या: लाइट गेली तर घड्याळ थांबेल, आणि कोणती टेस्ट केस कशामुळे पडली ते मुलांना कळवलं जाईल. ती माहिती यंत्राकडे तयारच असते, फक्त पाठवायची आहे.

त्या रात्री भाचीने तोच प्रोग्रॅम आठवून पुन्हा लिहिला. मी फोनवर एकच गोष्ट विचारली, "आधी पाहिलेला आकडा लक्षात ठेवला तर?" वीस मिनिटांत तिने तो बदलला आणि एक लाख आकड्यांवर चालवूनही पाहिला. दोन्ही प्रोग्रॅम मी छापून आणलेत. व्याख्यान संपल्यावर टेबलाशी या, शेजारी शेजारी ठेवून पाहू.