डोंबिवलीचं नाव लागलेल्या संख्या

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळची फास्ट पकडायला डोंबिवलीच्या फलाटावर तुमच्यापैकी कितीतरी जण रोज उभे असतात. गणितातल्या एका संख्याकुळाला याच स्टेशनचं नाव आहे. ते ठेवलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. बी.एस्सी. होऊन १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. पुढची पदवी नाही, संशोधनाला गुरू नाही. जे केलं ते स्वतःच्या डोक्याने, साध्या वजाबाकी-गुणाकाराने.

आजची आपली मध्य रेल्वे तेव्हा जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे होती. मुंबईहून ३० मैलांवरच्या या स्टेशनचं तेव्हाचं नाव डेम्लो. इथे त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली आणि त्या झाल्या डेम्लो संख्या. १६५ घ्या. कडेचे १ आणि ५, बेरीज ६, आणि तोच ६ मध्ये बसलाय. २५५३ घ्या. २ आणि ३ मिळून ५, मध्ये पाचच पाच. मधले पाच हवे तितके वाढवा, संख्या डेम्लोच राहते.

यातल्या सर्वांत देखण्या संख्या नुसत्या एकांच्या वर्गातून निघतात. अकराचा वर्ग १२१. एकशे अकराचा १२३२१; इथे कडा दोन-दोन अंकी, १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. गुणाकार उभा मांडा, म्हणजे कारण दिसेल. प्रत्येक ओळीत तेच तीन एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. आता उजवीकडून रकाने मोजा : पहिल्यात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग पुन्हा दोन, पुन्हा एक. चढण आणि उतरण. नऊ एकांपर्यंत हे चालतं : १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा येतात, शून्य लिहून हातचा एक शेजारच्या नवात जातो, तिथेही दहा होतात, तो हातचा आठात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखर मोडलं, ते हातच्यामुळे.

हातचा म्हटलं की वाटतं, पावकी-निमकी-दीडकी, म्हणजे पाव-अर्धा-दीडचे पाढे, शाळांतून काढले हे फार चुकलं. पाठांतर नको म्हणता म्हणता मुलांच्या कानातली संख्यांची लय गेली. असो.

कापरेकरांचं जगाला ठाऊक असलेलं काम म्हणजे ६१७४. चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. मोठ्याकडून लहान अशी संख्या लिहा, त्यातून उलटी वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४च. बहुतेक जण चुकतात ते शून्यापाशी. २१११ घ्या : २१११ वजा १११२, उरले ९९९. इथे ०९९९ लिहायचं, शून्यासकट. पुढे ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१. मग ८०८२, ८५३२, ६१७४. शून्य गाळलंत तर ९९९ वजा ९९९, सगळं संपलं. आणखी एक खूण : प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यात यायलाच हवी. नाही आली, तर हातचा चुकलाय.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. आपल्याकडच्या पंडितांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, आणि ही खंत अजून जात नाही. १९७५ साली अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात यावर लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. १९८६ साली देवळालीला ते गेले. ६१७४ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

तीन अंकांवर हेच करा, ४९५ येतं. मुलांना आज संध्याकाळी वही-पेन्सिल घेऊन बसवा. पुन्हा सांगतो, पुढचं शून्य गाळायचं नाही. नमस्कार.