आधी आंघोळ, मग पाणी

मंडळी, फळ्यावर ‘ओनसेन’ लिहिलंय, ते बरोबर आहे. ओनसेन म्हणजे जमिनीतून येणारं गरम पाणी. आपल्या कोकणात त्याला सरळ ‘उन्हाळे’ म्हणतात. राजापूरजवळच्या गावाचं नावच ते आहे. फरक एवढाच की आपल्याकडे लोक कुंडात बुडी मारतात, देवदर्शन घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. जपानी माणूस तिथे राहतो. त्या राहण्याबद्दल मला बोलायचंय.

मी राहिलो ती सराई गुन्मा प्रांतातल्या शिमा ओनसेन या गावात आहे. नाव सेकिझेनकान. मुख्य लाकडी इमारत 1691 सालची. राजाराम महाराज जिंजीला होते, त्या दिवसांतली. लाल कठड्यांचा लहानसा पूल ओलांडला की दार. चपला दारातच सुटतात. पुढे पायऱ्या, करकरणाऱ्या फळ्या, बुटकी दारं. माझं कपाळ पहिल्या पाच मिनिटांत एकावर आपटलं, तेव्हा कुणी हसलं नाही, हा त्यांच्या आतिथ्याचा पहिला अनुभव.

स्नानघराचं नाव ‘गेनरोकु नो यु’. नाव गेनरोकु काळाचं, म्हणजे इमारतीच्या वयाचं, पण बांधकाम 1930 चं. उंच कमानदार खिडक्या, आणि जमिनीत खोदल्यासारखी पाच दगडी टाकी. कपडे बदलायची वेगळी खोली नाही. दार उघडलं की समोरच टाकी आणि त्यात बसलेली माणसं. भिंतीत एक बुटकं दार आहे, त्यामागे एकाच माणसापुरती वाफेची कोठडी. मी आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर आलो. मोदकाला काय वाटत असेल ते कळलं.

आता संकोचाचा मुद्दा, कारण तुमच्या मनात तोच असणार. टाक्यात काहीही नेसून उतरायचं नाही. पंचासुद्धा पाण्याला लागता कामा नये. तो घडी करून डोक्यावर ठेवतात. त्याआधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, फेस पूर्ण धुवायचा आणि मगच पाण्यात शिरायचं. आपल्याकडे आंघोळ झाली की काम संपतं. तिथे आंघोळ ही पूर्वतयारी. पहिला अर्धा तास मला फक्त माझं पोट दिसत होतं. मग लक्षात आलं, ते माझ्याखेरीज कुणालाच दिसत नव्हतं. बाजूचे आजोबा डोळे मिटून होते.

कायद्याची एक गंमत सांगतो. 1948 च्या ओनसेन कायद्याप्रमाणे उगमाशी पाणी 25 अंश असलं, किंवा ठरलेल्या 19 घटकांपैकी एक जरी पुरेशा प्रमाणात असला, तरी ते ओनसेन. जमिनीतून येण्याची अट नसती, तर मे महिन्यात माझ्या गच्चीवरची टाकी सहज पात्र ठरली असती.

पहिल्या दिवशी पैसे वसूल करायच्या भरात मी चार वेळा उतरलो. रात्री डोकं गरगरलं, पाय कापसाचे झाले. याला जपानीत शब्द आहे, ‘युआतारी’, पाणी बाधणं. पूर्वी शेतकरी कापणीनंतर अशा गावी येऊन राहत. तांदूळ आणि मिसो, म्हणजे सोयाबीनचा आंबवलेला लगदा, सोबत आणत, स्वतः रांधून खात. याला म्हणतात ‘तोजी’. सात दिवसांची एक फेरी धरायची, आणि दुखणं जुनं असेल तर तीन फेऱ्या. पाणी हळूहळू मुरू द्यायचं असतं. दोन रात्रींत बरं होऊन परतायचं, ही घाई आपली.

गावाच्या नावातच दवाखाना आहे. शिमाची चिन्हं वाचली तर अर्थ होतो ‘चार दशसहस्र’, चाळीस हजार. एका योद्ध्याच्या स्वप्नात बाळ येऊन म्हणालं, चाळीस हजार रोगांवर उतारा देतो, अशी आख्यायिका आहे. जवळच 1598 मधलं याकुशी देवळाचं लाकडी मंडप आहे. याकुशी कोण? आपल्या संस्कृत ग्रंथांतला भैषज्यगुरू, औषधांचा बुद्ध. त्याच्यासमोर उभं राहून मला एकदम ओळखीचं वाटलं, कारण कुंडाशेजारी देव हवाच, हे वज्रेश्वरीलाही ठाऊक आहे.

पण मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते घराण्यांनी. ‘सेकिझेन’ म्हणजे पुण्य साठवणं, हा ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातला शब्द, आणि मालक घराण्याचं नाव सेकी झेनबेई. श्लेष जमवलाय! हे वारशाने आलेलं नाव. इशिकावातल्या आवाझु गावच्या होशी या सराईत तर 718 पासून प्रत्येक मालक ‘झेनगोरो’ होतो, सेहेचाळीस पिढ्या. रक्ताने? परंपरा सांगते की मूळ पुरुष गार्यो होशी यानेच झेनगोरो नावाचा मुलगा दत्तक घेतला. म्हणजे पहिल्या पायरीलाच दत्तक! जपानी व्यापारी घराण्यांत कर्तबगार जावयालाच दत्तक घेऊन नाव देण्याची मोठी चाल होती. आपल्याकडे ‘घरजावई’ म्हटलं की लोक हसतात. तिथे त्याच्या हातात किल्ल्या देतात.

यामानाशीतलं केइउनकान 705 सालचं, जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून 2011 मध्ये गिनीजमध्ये नोंदलं गेलं. बावन्न पिढ्या घराण्यात चाललं, आणि 2017 मध्ये तिथल्याच जुन्या कर्मचाऱ्याकडे सूत्रं आली. इमारत म्हणाल तर आधुनिक आहे. वय झऱ्याचं आणि नावाचं मोजतात.

चिठ्ठी आलीय. ‘शाकाहारी माणसाचं काय?’ वाचणारे हसताहेत, पण प्रश्न योग्य आहे. आधी कळवा. भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो, आणि ‘मासे नको’ सांगितलं तरी त्यांना तो मासा वाटत नाही. ‘शोजिन रयोरी’, देवळातलं जेवण, हा शब्द वापरा. मी भात, लोणचं आणि घरून नेलेलं मेतकूट असं खाल्लं. वाढणाऱ्या बाईंनी पुडी हुंगली आणि हळूच विचारलं, हे औषध का? चाळीस हजार रोगांच्या गावात मी ‘हो’ म्हणून टाकलं.